बाळंतिणीचं लोखंड मी खाल्लं

आमच्या गावात बाळंतीण बरी झाली की नाही ते वैद्य ठरवायचा नाही, विहीर ठरवायची. सव्वा महिना झाला की बाईनं विहिरीवर जायचं, काठाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि पहिली भरलेली घागर डोक्यावर घेऊन घरी यायचं. घागर घरी पोचली म्हणजे बाई उठली. वाटेत बसली तर उठली नाही. मधलं काही नाही.

माझ्या बायकोची घागर माझ्यामुळे हुकली. मला लिहिता येत नाही, मी बोलतो तसं दुसरा कोणी लिहून घेतोय, आणि तो आत्ताच हसायला लागलाय. हसू दे. तेव्हा अख्खं गाव हसलेलं.

गाव म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठचं. मिठागरात आम्ही राबायचो. उन्हाळ्यात वाफ्यातलं मीठ ओढायचं, ढीग घालायचे, आणि भरतीला मचवा काठाला लागला की फळीवरून चढून पाट्या रिकाम्या करायच्या. फळी वीतभर रुंद, डोक्यावर मिठाची पाटी, खाली खाडीचा चिखल. अंगानं मी बैल होतो आणि दमानं बकरी. दहा पाट्या झाल्या की माझं तोंड उघडं पडायचं, आणि बाकीचे गडी म्हणायचे, "आला, लोहाराचा भाता आला!"

आमचं दुसरं पोर झालं तेव्हाची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी रीत. माझी आई तर आधीच गेलेली, म्हणून बायकोची आई डोंबिवलीहून आगगाडीत बसून आली. तिला मी मामी म्हणायचो. बाई बुटकी, पण तिच्यासमोर मी आपोआप वाकून उभा राहायचो.

बाळंतपणात बायकोचं रक्त फार गेलं. पोरगा ठणठणीत, पण ती पांढरी पडली. डोळ्याच्या आतली कड उलटून बघितली तर भाताच्या पेजेसारखी. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आली की भिंत धरायची. मामींनी बाराव्या दिवशी मला अंगणात बोलावलं.

"जावईबापू, तुम्हाला डोळे आहेत ना?"

"आहेत की."

"मग माझ्या लेकीकडे बघा. सव्वा महिन्यानं विहीर पुजायची आहे. घागर घरी आली तर मी एकटी गाडीत बसेन. नाही आली तर लेक, नात, नातू, सगळ्यांना घेऊन बसेन. परत कधी आणायचं ते मी ठरवीन. तुम्ही बसा इथे मीठ चाटत."

मामी बोलायची तसं करायची. मी तसाच उठून नौपाड्याला वैद्यबुवांकडे गेलो.

वैद्यबुवा पडवीत खल घेऊन बसलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "रक्त फार गेलंय. अंगातलं लोह उणं झालंय. लोहभस्म देतो."

"लोह म्हणजे लोखंड?"

"लोखंडच. शुद्ध करून, जाळून, घोटून केलेलं."

झालं. लोखंड म्हणल्यावर माझे कान तिथेच अडकले. त्यापुढे वैद्यबुवा बराच वेळ बोलत होते. रोज एकच पुडी, गुंजेएवढी, मधातून, जेवल्यावर. नाचणीची आंबील द्या, खजूर द्या, माठाची भाजी द्या, आवळा द्या. मग जरा नाक मुरडून म्हणाले, "तुम्ही मासळी खाणारे, तर खाडीतले खुबे-तिसऱ्याही खाऊ दे तिला. पुडी म्हणजे जेवण नव्हे रे, जेवणाला जोड आहे." हे सगळं मला आता पाठ आहे, कारण पुढे ते मला पुन्हा एकदा ऐकवलं गेलं, आणि तेव्हा मोठ्यानं. पहिल्या वेळी मी नुसता मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, लोखंड! बाईच्या अंगात लोखंड घालणार! मग हिला घागर ती काय, विहीर उचलून आणील ही.

एकवीस पुड्या घेऊन घरी आलो. मामींनी विचारलं, "खायला काय सांगितलंय?"

"खायचं काय त्यात?" मी म्हणलो. "सगळी ताकद पुडीत आहे. जेवण काय, आपलं पोटाला आधार. तुमचं भात-मेथ्या चालू द्या."

मामींना ते पटलं, कारण बाळंतिणीला भात, मेथ्या आणि तूप याच्यापलीकडे काही द्यायचं म्हणजे पाप, असंच त्या मानायच्या. खुबे म्हणलं असतं तर भांडण झालं असतं. आणि मी भांडणाला भ्यायचो.

चार दिवस बायकोनं नीट पुड्या घेतल्या. पाचव्या दिवशी सकाळी मचवा लागणार होता. देवळीत पुड्या होत्या. मी म्हणलं, चव तरी बघू. चिमूटभर जिभेवर टाकलं. विळा चाटल्यासारखं लागलं. वर पाणी प्यायलो आणि कामाला गेलो.

आणि त्या दिवशी काय झालं विचारू नका. पाटी डोक्यावर नाहीच असं वाटायला लागलं. वीस पाट्या टाकल्या तरी तोंड मिटलेलं. आमचा मुकादम बघत राहिला. "काय रे, सासूनं तूप पाजलं काय?" मी नुसता हसलो, आत लोखंड असलेला माणूस हसतो तसा.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. एका चिमटीनं वीस पाट्या. मग अख्ख्या पुडीनं किती? दोन पुड्यांनी किती? आणि हे काही गोऱ्या डॉक्टरची बाटली नाही, की जास्त झाली तर बाधेल. आपल्या वैद्याचं, जमिनीतून निघालेलं. जमिनीतलं खाऊन कोण मेलंय? भात जमिनीतलाच ना?

दुसऱ्या दिवशी एक पुडी. तिसऱ्या दिवशी दोन. पुड्या कमी झाल्या तर मामी मोजणार. म्हणून मी चुलीतली राख घेतली. पण राख करडी, भस्म विटकरी. मग फुटकं कौल दगडावर कुटलं, त्याचा चुरा राखेत मिसळला, आणि पुड्या होत्या तशा बांधून ठेवल्या. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली नाही.

बायकोचं वाईट करायचं मनात नव्हतं. मी म्हणायचो, हिच्या अंगात चार दिवसांचं लोखंड गेलंय, लोखंड काही विरघळत नाही, ते बसलंय आत. आता कमावणाऱ्यानं घ्यावं. शिवाय मी ताकदवान झालो तर घरालाच बरं. स्वतःसाठी खाताना घराचं नाव घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या दिवसांत मला दोन गोष्टी वेगळ्या जाणवल्या. एक म्हणजे सकाळी दात घासताना तोंडात करकर वाजायचं. आम्ही राखुंडीनं दात घासायचो. मामी राख जाड चाळतात, असं मला वाटलं. दुसरी गोष्ट म्हणजे पोट. पोट बोलायचंच बंद झालं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी लोटा घेऊन बांधावर जायचो आणि लोटा तसाच भरलेला परत आणायचो. चौथ्या दिवशी माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. मी म्हणलं, ताकद साठतेय.

त्याच दिवशी मचवा लागला. सकाळी तीन पुड्या मारलेल्या. पाटी डोक्यावर घेतली तर मानच दबली. पहिली टाकली. दुसरी टाकली. तिसरीला फळीच्या मधोमध पोटात अशी कळ आली, की मी पाटी सोडून पोट धरलं. पाटी पाण्यात, मी चिखलात. वर काढला तेव्हा मी कमरेपर्यंत काळा आणि मुंडकं पांढरं होतं.

मुकादम काठावर उभा. "खाडीनं दिलेलं मीठ खाडीला परत केलंस होय रे? मोठा प्रामाणिक!"

"मुकादम, मागच्या मचव्याला मी वीस टाकल्या होत्या," मी म्हणलो.

"तेव्हाचं मीठ गेल्या सालच्या ढिगातलं होतं, वेड्या. सुकून खडंग झालेलं. ते तर माझी आजीही टाकील. आजचं ओलं आहे."

एवढी वर्षं मिठात काढली, ओलं मीठ जड आणि सुकं हलकं हे पोरासोरांना कळतं, पण मला वाटलं लोखंड काम करतंय.

त्या दुपारी बांधाआड पोट एकदाचं मोकळं झालं, आणि मी खाली बघितलं. काळं. डांबरासारखं काळं. मी म्हणलं, संपलं. आत गंज धरला. आमच्याकडे नांगर, सळया, खिळे, काहीही खाऱ्या हवेत ठेवलं की गंजतं, आणि मी तर घामानं आत-बाहेर खारटच. आता मी सुटा होऊन पडणार.

बायको भिंत धरून चालत होती, तेव्हा मी वैद्याकडे पळालो नव्हतो. स्वतःचं काळं दिसल्यावर नौपाड्यापर्यंत धावत गेलो. वाटेत एवढं मात्र सुचलं, की आपलं नाव घ्यायचं नाही.

"वैद्यबुवा, तिला चार दिवस परसाकडला झालं नाही. आणि झालं ते काळंकुट्ट."

"भस्मानं काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चार दिवस कोंडलं? एका गुंजेनं एवढं होऊ नये. जीभ कशी आहे तिची?"

मी जीभ बाहेर काढली.

वैद्यबुवांनी खल थांबवला. माझ्या जिभेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बरं," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "कळ कधी आली तिला?"

"फळीवर."

"कसल्या फळीवर?"

"मचव्याच्या."

"वीस-बावीस दिवसांची बाळंतीण मचव्याच्या फळीवर काय करत होती?"

"ती... हवा खायला गेलेली."

"आणि तंबाखूही खाते वाटतं. दात दिसतायत तिचे."

मी त्यांचे पायच धरले. सगळं सांगितलं. कौलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, तुडुंब भरलेल्या विहिरीत वरून घागर ओतली तर काय होतं?"

"सांडतं."

"नुसतं सांडतं तर बरं होतं. लोह अंगात फाजील झालं की विषासारखं बाधतं. तुझ्या अंगात लोहाची कमतरता नव्हतीच. भाकरी खातोस, मासळी खातोस, बैलासारखा आहेस. तुझ्यात जे कमी आहे त्याचं भस्म माझ्याकडे नाही. आणि जिची विहीर खरोखर आटली, तिला तू राख पाजलीस! आता एक चिमूटही घेऊ नकोस. पाणी पी, पालेभाजी खा, सुटशील."

मी डोळे पुसले. "मग तिच्यासाठी दुसऱ्या एकवीस द्या, वैद्यबुवा. रोज तीन-तीन देतो. विहिरीच्या दिवसापर्यंत उठवतो तिला."

वैद्यबुवा उठून उभे राहिले. मला वाटलं पुड्या आणायला उठले. ते खलातला बत्ता घेऊन माझ्याकडे येत होते.

"तीन-तीन? आत्ता काय सांगितलं मी? रक्त भरायला दोन महिने लागतात, दोन! ती तिच्या गतीनंच भरणार. आणि नाचणी? खजूर? माठ? दिलंत ते?"

"ते... मला वाटलं, पुडी आहे म्हणजे..."

तेव्हा त्यांनी ती सगळी यादी मला ऐकवली. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली एवढ्या मोठ्यानं. शेवटी म्हणाले, "पुड्या तुझ्या हातात देणार नाही. सासूला पाठव."

हीच खरी फाशी होती. सासूला पाठवायचं म्हणजे का पाठवायचं ते सांगायचं. सांगितलं की ती लेकरांना घेऊन गाडीत बसणार. नाही सांगितलं तर बायको विहिरीच्या वाटेवर पडणार, आणि तरीही गाडीत बसणारच. परतीच्या वाटेवर मी सात खोट्या गोष्टी रचल्या. एकीत उंदीर होता, एकीत वैद्यबुवा मेलेले होते.

घरी आलो तर मामी ओट्यावर नातवाला तेल लावत होत्या. बायको दारात बसलेली, उन्हात आणखीच पांढरी. तिला बघितलं आणि सातही गोष्टी विसरलो.

"मामी, हिच्या पुड्या मी खाल्ल्या. त्यात राख भरली. आणि वैद्यबुवांनी सांगितलेलं खाणं मी तुम्हाला सांगितलंच नाही."

मामींचा हात पोराच्या पोटावर थांबला. "तुम्ही खाल्ल्या?"

"हो."

"बाळंतिणीचं औषध?"

"हो."

"तुम्हाला वेणा सुरू झाल्या होत्या काय?"

मी खरं तेच सांगितलं. "चार दिवस झाल्यात, मामी."

दारातून आवाज आला. बायको हसत होती. एवढे दिवस ती हसली नव्हती. दम लागायचा तिला. आता भिंत धरून हसत होती.

"आई, मला माहीत होतं गं."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"रोज चूल सारवते ती बाई, आणि राख ओळखणार नाही होय? आणि कौल कुटलं ते ओट्यावरच्या दगडावर, चुरा तिथेच. पहिल्या दिवशीच जिभेवर कळलं मला. त्या दिवसापासून यांच्या पुड्या यांच्याच राखुंडीच्या डब्यात ओततेय."

माझे दात आपोआप करकरले.

"मग बोलली का नाहीस, मेले?" मामी ओरडल्या. "स्वतःचा जीव काढतेस?"

बायको खाली बघून म्हणाली, "बोलले असते तर त्याच दिवशी तू मला गाडीत बसवलं असतंस. मला नाही जायचं. मला वाटलं, आज थांबतील, उद्या थांबतील. एवढं खातील असं कुणाला वाटेल?"

माझ्यासारख्या माणसाकडे राहायला ती राख झाकून बसलेली. पोटानंच काय ते उत्तर दिलं, आणि मी लोटा घेऊन पळालो. परत येईपर्यंत मामींनी निकाल ठरवलेला.

"विहीर काही पळून जात नाही. दोन महिन्यांनी पुजू. तोवर मी इथेच. आजपासून ती नाचणी, माठ, खुबे खाईल, आणि तुम्ही भात-मेथ्या. खुबे तुम्ही काढायचे. आणि विहीर पुजेपर्यंत घरात पाणी कोण आणणार? तुम्ही."

"मामी, बायकांच्या विहिरीवर? मी?"

"का? लोखंड आहे ना अंगात?"

दुसऱ्या दिवशी मामी स्वतः नौपाड्याला गेल्या, पुड्या आणल्या आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या. रोज दुपारी जेवण झालं की एक सोडायच्या, लेकीला मधातून चाटवायच्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तोंड उघडा, बघू." मी उघडायचो.

ओहोटी लागली की मी चिखलात गुडघाभर उतरून खुबे काढायचो. सकाळ-संध्याकाळ घागर घेऊन विहिरीवर जायचो. बायका मला रहाटाशी पुढे जाऊ द्यायच्या. "सरा गं, सरा, बाळंतीण आली!" लहान पोरं विचारायची, "काका, मुलगा की मुलगी?" मी सांगायचो, "काळं झालं, पण सुखरूप आहे." काय करता? आपणच हसलो की दुसऱ्याच्या हसण्याची धार जरा बोथट होते.

महिना गेला तरी ती पांढरीच. मी रोज तिच्या डोळ्याची कड उलटून बघायचो, आणि ती माझा हात झटकायची. "अहो, पेरलं की लगेच उकरून बघताय काय?" मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात कधीतरी मी पाणी घेऊन आलो तर ती भिंत न धरता अंगणात उभी होती, आणि थोरलीला ओरडत होती. चांगली खणखणीत. एवढी गोड शिवी मी आधी ऐकली नव्हती.

दोन महिन्यांनी विहीर पुजली. सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना. मी मागून पोराला घेऊन चालत होतो. साठ दिवस ती घागर वाहिली होती, ती वाटेतल्या वडाच्या मुळाशी कशी जड होते ते मला माहीत होतं. तिथे आली तेव्हा ती जरा थांबली. मामींनी नारळाची पिशवी छातीशी धरली. बायकोनं एक श्वास घेतला, चुंबळ सरळ केली, आणि पुढे निघाली. उंबऱ्यापर्यंत. एकदाही बसली नाही. मी घागर उतरवायला पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे, तुम्ही सांडाल," आणि स्वतःच उतरवली.

दुसऱ्या दिवशी मामींना ठाण्याला गाडीत बसवलं. एकटीलाच. उरलेल्या चार पुड्या त्यांनी लेकीच्या पदराला बांधल्या होत्या, गाठ अशी आवळून, की माझ्या बापाला सुटली नसती. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं आणि हातात एक कागदाची पुडी ठेवली. विटकरी.

"ही तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "सकाळी घ्यायची. बोटानं. दातांवरून."